जिंकलेल्यांची नावं छापलीत, बाकीच्यांची यादी कुठे आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गोल्फच्या स्विंगवर, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारायच्या ढबीवर, अर्ध्या पानाचा लेख आला. पुण्यात भरणाऱ्या एका प्रशिक्षण शिबिराची माहिती, शिकवणाऱ्या गृहस्थांचा टोपी घातलेला फोटो, शेवटी नावनोंदणीचा नंबर. मधल्या चौकटीत परदेशी व्यावसायिक खेळाडूंची नावं होती आणि खाली म्हटलं होतं की ही मंडळी याच पद्धतीने खेळून स्पर्धा जिंकली, तेव्हा आणखी पुरावा तो काय हवा. शिबिराचं नाव मी इथे घेत नाही. ते लोक चांगलं शिकवतही असतील. माझी हरकत त्या चौकटीला आहे, आणि ती जशीच्या तशी छापली म्हणून थोडीशी आपल्यालाही.

मी स्वतः गोल्फ खेळणाऱ्यांपैकी नाही, पण या खेळाच्या जवळ वाढलो. घर येरवड्यात. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी गोल्फ कोर्सवर कॅडीचं काम करायचो. साहेबांची बॅग खांद्यावर आणि डोळा चेंडूवर. पुढे आयटीआय केलं, भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कॅडीचं कसं असतं, चेंडू झाडीत गेला की तो शोधायचा त्याला असतो. त्यामुळे कुणाचा स्विंग दिसायला किती देखणा आहे याचं त्याला फारसं कौतुक नसतं. आमच्यातला जो तो पहिल्या फटक्यालाच ओळखायचा की आज कुठल्या साहेबाबरोबर पाय मोडायचेत.

लेख मला दाखवला माझ्या मुलाने. तो खराडीत आयटीत आहे, त्याचा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला या खेळाचं वेड लागलंय. मुलगा म्हणाला, "अण्णा, एवढे मोठे प्रो या पद्धतीने जिंकलेत, म्हणजे काहीतरी असेलच ना त्यात?" फीचा आकडा ऐकून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लेख वाचला. काहीतरी असेलही. पण काय आहे, ते त्या चौकटीवरून कळायला मार्ग नाही. तेच त्याला समजावून सांगता सांगता हे पत्र झालं.

पुण्यात राहणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. अलका टॉकीजच्या चौकातून नवी पेठेत शिरा किंवा शास्त्री रस्त्याने चाला. स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसचे फ्लेक्स लागलेले असतात आणि गुणवंतांचे तेच चेहरे दोन-तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर हसत असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा कित्येक संस्थांना दंड केला, तेव्हा चौकशीत काय निघालं? फ्लेक्सवरच्या यशस्वी उमेदवारांपैकी बऱ्याच जणांनी त्या क्लासमध्ये फक्त मुलाखतीची तयारी केली होती, तीही अनेकदा फुकटात. म्हणजे पूर्व आणि मुख्य परीक्षा हा पठ्ठ्या स्वतःच्या बळावर पास होऊन आला आणि शेवटच्या पायरीवर त्याला क्लासचा टी-शर्ट घातला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमच आले की यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याची संमती घ्या, आणि त्याने नेमका कुठला कोर्स, किती काळ, पैसे भरून केला की कसं, तेही छापा.

गोल्फमध्ये असा नियम कुणी केलेला नाही. तो केला तर काय दिसेल, ते बघा.

निक फाल्डोचं उदाहरण या विषयात हमखास निघतं. इंग्लंडचा हा खेळाडू १९८५ च्या सुमारास डेव्हिड लेडबेटर या शिक्षकांकडे गेला, त्याने आपला स्विंग पार मोडून नव्याने बांधला आणि १९८७ साली म्युरफील्डला ब्रिटिश ओपन जिंकली. शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार, म्हणजे प्रत्येक होलला नेमून दिलेले तेवढेच फटके. या खेळात फटके कमी तेवढं चांगलं. नंतर आणखी पाच मेजर (गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात). त्या जोरावर लेडबेटर जगप्रसिद्ध झाले आणि साध्या खेळाडूंचीही त्यांच्याकडे रीघ लागली. आता त्याआधीचा फाल्डो बघू. १९७७ साली वयाच्या विसाव्या वर्षी तो अमेरिकेविरुद्धचा रायडर कप खेळला होता. १९८३ साली युरोपच्या कमाईच्या यादीत तो पहिला होता. मुख्य परीक्षा पास झालेला उमेदवार म्हणतात तो हाच. लेडबेटरांनी त्याला काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. खुद्द फाल्डोच तसं म्हणणार नाही. पण शनिवारी सकाळी नव्वदच्या वर फटके मारून घामाघूम होणाऱ्या आमच्या साहेबांना तीच शिकवण तेवढंच देईल का, या प्रश्नाचं उत्तर फाल्डोच्या सहा मेजरमध्ये नाही.

मग टायगर वुड्स. त्याची गोष्ट तर या चौकटीला फारच अडचणीची आहे. बुच हार्मन या शिक्षकांबरोबर असताना त्याने आठ मेजर जिंकल्या, त्यात १९९७ ची बारा फटक्यांच्या फरकाने जिंकलेली मास्टर्स आली. मग तो २००४ मध्ये हँक हेनी यांच्याकडे गेला, स्विंग बदलला, आणखी सहा मेजर. मग शॉन फोली. पुन्हा नवा स्विंग, यावेळी मेजर एकही नाही, पण २०१३ साली एका वर्षात पाच स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर क्रिस कोमो. आणि २०१९ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पाठीच्या शस्त्रक्रिया झालेल्या असताना त्याने पुन्हा मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याच्याकडे स्विंगचा शिक्षकच नव्हता. आता यातली कुठली पद्धत सिद्ध झाली? हार्मन यांची म्हणावी तर हेनी यांच्याकडच्या सहा मेजरचं काय करायचं? फोली यांची फसली म्हणावी तर ते पाच विजय कुठे लिहायचे? आणि २०१९ चा हिशेब धरला तर सगळ्यात भारी पद्धत म्हणजे शिक्षक न ठेवणं! माझ्या साध्या बुद्धीला यातून एवढंच दिसतं की टायगर वुड्स हा टायगर वुड्स होता.

बुच हार्मन यांच्याकडे पुढे फिल मिकेलसन आणि डस्टिन जॉन्सनही शिकले आणि मेजर जिंकले. या तिघांचे स्विंग यूट्यूबवर लागोपाठ बघा, ते एका माणसाचे विद्यार्थी आहेत असं वाटणार नाही. म्हणजे चांगला शिक्षक असतो, हे मी मान्यच करतो. पण शिक्षक चांगला असणं आणि एखादी 'पद्धत' खरी असणं यांत फरक आहे. शिबिरात विकली जाते ती पद्धत.

एक उलटसुलट जोडी सांगतो. होमर केली नावाचे अमेरिकेतले एक गृहस्थ होते. त्यांनी गोल्फ स्विंगचे यंत्रासारखे चोवीस भाग पाडून १९६९ साली त्यावर एक पुस्तक काढलं. त्या विचारात तयार झालेला बॉबी क्लॅम्पेट १९८२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल ट्रूनला पहिल्या दोन दिवसांत ६७ आणि ६६ मारून पाच फटक्यांनी पुढे होता. तिसऱ्या दिवशी ७८, चौथ्या दिवशी ७७. जिंकला टॉम वॉटसन. कित्येकांनी तेव्हा पुस्तकालाच दोष दिला, पोराचं डोकं शास्त्राने भरून टाकलं म्हणून. तेच पुस्तक पुढे ब्रायसन डिशॅम्बो याच्या हातात पडलं, त्याने सगळ्या आयर्न (गोल्फच्या लोखंडी टोकाच्या काठ्या) एकाच लांबीच्या करून घेतल्या आणि २०२० ला आणि २०२४ ला यूएस ओपन जिंकली. मधल्या काळात चोवीस भागांचे पंचवीस झाले नव्हते. क्लॅम्पेटकडे बघून पुस्तक खोटं ठरत नव्हतं आणि डिशॅम्बोकडे बघून खरं ठरत नाही.

किंवा ऑस्ट्रेलियाचा एरन बॅडली घ्या. वजन पुढच्या पायावर ठेवून मारायच्या एका पद्धतीचा २००७ च्या सुमारास अमेरिकेत फार गाजावाजा झाला, तिचा तो ठळक चेहरा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याने मोठी स्पर्धा जिंकली. जूनमध्ये यूएस ओपनला तीन दिवसांनंतर तो दोन फटक्यांनी पुढे होता आणि चौथ्या दिवशी टायगर वुड्सच्या सोबतीने खेळताना त्याने ८० मारले. स्विंग फेब्रुवारीत होता तोच. २००९ मध्ये त्याने ती पद्धत सोडून जुन्या शिक्षकांची वाट धरली आणि २०११ मध्ये पुन्हा स्पर्धा जिंकली. अशा माणसाचं नाव कुठल्या चौकटीत टाकायचं, ते आपल्या पुरवणीच्या संपादकांनी मला कळवावं.

जिम फ्युरिकचा तर स्विंग बघून हसू येतं. क्लब, म्हणजे मारायची काठी, वर जाताना एकीकडे आणि खाली येताना भलतीकडे. शिकवलं फक्त वडिलांनी. २०१६ साली या माणसाने एका राउंडमध्ये ५८ मारले, अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या पीजीए टूरवर त्याहून कमी कुणी मारलेले नाहीत. बब्बा वॉटसनने आयुष्यात शिकवणी लावली नाही, दोन मास्टर्स जिंकल्या. या दोघांच्या नावाचं शिबिर मात्र पुण्यात आलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आता आमच्या लोकांबद्दल बोलतो, कारण ते कुणीच बोलत नाही. अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता. १९९१ ला त्याने इंडियन ओपन जिंकली, १९९३ ला पुन्हा जिंकली. बंगळूरचा मुनियप्पा कॅडी होता, २००९ ची इंडियन ओपन त्याची. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याला रॉयल कॅलकटामध्ये मैदानाची निगा राखायचे. पोरगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. लेखातला नियम लावायचा तर बॅग उचलणं ही गोल्फ शिकायची सर्वांत सिद्ध पद्धत आहे. मग मी उद्यापासून 'कॅडी पद्धत' म्हणून शिबिर काढतो. सकाळी साडेपाचला यायचं, बॅग उचलायची, दुपारपर्यंत चालायचं, फी तुम्हीच द्यायची. चौकटीत टाकायला तीन अस्सल विजेते माझ्याकडे तयार आहेत.

हसू नका, कारण या थट्टेची दुसरी बाजू मी रोज बघतो. माझ्याबरोबर बॅगा उचलणारी पोरं होती. त्याच साहेबांचे तेच स्विंग त्यांनी बघितले, संध्याकाळी साहेब गेल्यावर बाभळीच्या काठीने नाहीतर कुणीतरी टाकून दिलेल्या सात नंबरच्या आयर्नने तेही मारून बघायचे. एकाचा हात असा होता की भल्याभल्यांनी थांबून बघावं. त्यांतला एक पुढे रिक्षा चालवायला लागला, एक मार्केट यार्डात हमाली करून थकला, तो हातवाला कर्जापायी गावी गेला तो गेलाच. त्यांची नावं कुठल्या चौकटीत नाहीत. अली शेर दिसतो कारण तो जिंकला. जे जिंकले नाहीत ते कुठल्या पद्धतीने शिकले होते, हे कुणी विचारत नाही. आणि ते विचारल्याशिवाय पद्धतीबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही. शंभरातले दोन वर आले असतील तर एक गोष्ट, दहातले दोन आले असतील तर वेगळीच. आपल्या लेखात वरचे दोन होते, खालचा आकडा नव्हता.

यावर कुणी म्हणेल, प्रो लोक मूर्ख आहेत का? पोटापाण्याचा प्रश्न असताना ते चुकीची पद्धत का धरतील? प्रो मूर्ख नसतात. पण त्यांचे हात जे करतात ते त्यांच्या तोंडाला नीट सांगता येतंच असं नाही. याचा सणसणीत दाखला गोल्फमध्येच आहे. वर्षानुवर्षं शिक्षक आणि चँपियन सांगत आले की चेंडू आधी क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला निघतो आणि मग क्लबफेस, म्हणजे काठीचा चेंडूला लागणारा भाग, जिकडे असेल तिकडे वळतो. नंतर ट्रॅकमनसारखी रडारवर चालणारी यंत्रं आली, एकेका फटक्याचं मोजमाप झालं, आणि निघालं ते जवळपास उलटं. चेंडू निघतो मुख्यतः क्लबफेसच्या दिशेने. ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या काठीला) सुमारे ८५ टक्के, आयर्नला सुमारे ७५ टक्के वजन त्याचंच. वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांतल्या फरकामुळे. म्हणजे मेजर जिंकणारी माणसं चेंडू बरोबर वळवत होती आणि लोकांना मात्र चुकीचं कारण सांगत होती. त्यांचे विजय खरे होते, शिकवण चुकीची होती आणि या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं सुखाने एकत्र नांदल्या. विजयाने शिकवण सिद्ध होत असती तर हे झालंच नसतं.

आणखी एक गोष्ट कॅडी असल्यापासून बघत आलोय. माणूस शिक्षकाकडे कधी जातो? फटके बिघडले की. महिनाभर सगळं स्लाइस, चेंडू उजवीकडच्या झाडीत, साहेबांचा पारा चढलेला. तेव्हा शिकवणी लागते. आता बिघडलेला खेळ काही काळाने आपोआपही थोडा सुधारतोच, कारण माणूस कायम आपल्या सर्वांत वाईट पातळीवर खेळत नसतो. पण सुधारला की श्रेय नव्या ग्रिपला, म्हणजे काठी धरायच्या पकडीला. प्रोंचंही तेच होतं, फक्त त्यांचं वर्तमानपत्रात येतं. आणि ज्याचा खेळ बदलाच्या नादात उलट बिघडतो, त्याची आठवण कोण ठेवतं? इयन बेकर-फिंच १९९१ चा ब्रिटिश ओपन विजेता. आणखी लांब मारायच्या खटपटीत त्याचा स्विंग हरवला आणि १९९७ च्या ब्रिटिश ओपनला पहिल्याच दिवशी त्याला ९२ फटके लागले. तोही प्रोच होता, तोही कुणाकुणाकडून शिकतच होता.

शिवाय जिंकणं म्हणजे नुसता स्विंग नव्हे. टोकियो ऑलिंपिकला पुण्याचा उदयन माने गेला म्हणून आमच्या भागात बरेच जण टीव्हीपुढे बसले होते. खरा थरार दिला तो अदिती अशोकने. चौथी आली, एका फटक्याने पदक गेलं. ती त्या मैदानातल्या सर्वांत कमी लांब मारणाऱ्यांत होती. तिला वर ठेवलं ते पटरने, म्हणजे होलजवळचे शेवटचे फटके मारायच्या काठीने. तो एक फटका वाचला असता तर दुसऱ्या दिवशी 'अदितीचा स्विंग शिका' अशी पाटी लागली असती याची मला खात्री आहे, आणि ती लावणाऱ्याने पटरचा उल्लेखही केला नसता.

माझ्या नातवासाठी आणि हिंजवडीत पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या दिवशी क्लब उचलणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी याचा अर्थ काय? प्रोचं शरीर वेगळं, तो दिवसभर चेंडू मारतो, त्याच्या कंबरेकडे बघायला फिजिओ असतो. त्याच्या अंगाला जे मानवतं ते या पन्नाशीच्या माणसाच्या मणक्याला मानवेल का, हे प्रोला बघून कसं कळणार? ज्या गिऱ्हाइकाला विकायचंय, पुरावाही त्याच्यासारख्यांचाच हवा.

असा पुरावा गोळा करता येत नाही असं नाही. १९९९ साली गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ कधीच न खेळलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं, मारताना आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, क्लब कसा झुलतोय तिकडे लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले, आणि दुसऱ्या दिवशी कुणी काही आठवण न करून देताही पडले. हा प्रयोग फार मोठा नाही. एकही चँपियन त्यात नाही. पण 'हातांकडे बघू की क्लबकडे' या एका प्रश्नावर तो मला त्या चौकटीतल्या सगळ्या नावांपेक्षा जास्त सांगून जातो, कारण त्यात दोन्हीकडे सारखीच माणसं होती आणि दोन्हीकडचे सगळे मोजले होते.

पुण्यात तर एवढंही करायची गरज नाही. गोल्फ क्लबात खेळणाऱ्याचा हँडिकॅप, म्हणजे त्याच्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा (कमी तेवढा चांगला), नोंदलेला असतो. २०२० पासून जगभर एकच रीत आहे, शेवटच्या वीस राउंडमधले उत्तम आठ धरून काढतात. तेव्हा शिबिरवाल्यांनी एवढंच करावं. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी ज्यांनी फी भरली त्या सगळ्यांचा, नावं झाकून, आला तेव्हाचा हँडिकॅप आणि वर्षानंतरचा हँडिकॅप शेजारी शेजारी लिहावा. मधेच सोडून गेलेल्यांना वगळायचं नाही, त्यांच्यापुढे 'सोडलं' असं लिहायचं. पाठ धरली म्हणून सोडलं असेल तर तेही लिहायचं. ज्यांनी त्या काळात काहीच शिकवणी लावली नाही अशा काही सभासदांचे आकडे क्लबकडून घेतले तर मग विचारायलाच नको.

मुलाला मी सांगितलंय की हे मिळेपर्यंत थांब. नातू रुसलाय. तोवर तो रविवारी सकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, जातो, तिथले एक जुने कोच आहेत, ते त्याची ग्रिप थोडी सैल करतात आणि "मार" म्हणतात. शेजारच्या पोराला मात्र तेच कोच ग्रिप घट्ट करायला सांगताना मी ऐकलं. त्यांच्याकडे पद्धतीचं नाव नाही, माहितीपत्रक नाही, ते चेंडू कुठे जातो ते बघतात आणि मग बोलतात. ते बरोबर शिकवतात हे मी सिद्ध करू शकत नाही. पोरगं सुधारेल ते वयामुळेही असेल. शिबिराच्या फीमध्ये यांच्याकडचे दहा महिने निघतात, एवढं मात्र मला नक्की ठाऊक आहे.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख आला की छापण्याआधी त्या मंडळींना फोन करून विचारा, एकूण किती जण शिकले आणि बाकीच्यांचं काय झालं. उत्तर आलं तर तेही चौकटीत छापा, नाही आलं तर 'विचारलं, उत्तर मिळालं नाही' असं छापा. आणि शिबिरवाले खरोखरच वर सांगितलेले आकडे द्यायला तयार असतील तर ते तक्त्यात मांडून, सरासरी काढून द्यायचं काम मी फुकट करीन. मला वेळ भरपूर आहे आणि आयुष्यभर तेच केलंय. आकडे चांगले निघाले तर नातवाची फी मी माझ्या पेन्शनमधून भरतो, मुलाला सांगून ठेवलंय.

आपला,
एक जुना कॅडी, निवृत्त इन्स्पेक्टर
नागपूर चाळ, येरवडा, पुणे ६
(नाव छापू नये ही विनंती)